राज्यफुलाचा रंग

माझे वडील, अप्पा, गेले तेव्हा मी नांदेडला होते. दुपारी फोन आला. एसटीनं लातूर गाठून पुढे गावी पोचले तेव्हा त्यांना ओसरीवर बसवलं होतं. आम्हा लिंगायतांत पुरतात, तेही बसवून. डाव्या तळहातावर त्यांचं रोजच्या पूजेतलं इष्टलिंग ठेवलं. मी बेलाचं पान वाहिलं आणि बाजूला झाले. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

अप्पा गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. हात चांगला, म्हणून शाळेतले फलक, नकाशे, सुविचार सगळं त्यांच्याकडे. तेव्हा लातूर जिल्हा होऊन फार वर्षं झाली नव्हती. गावात टँकर यायचा आणि शाळेत परिपत्रकं यायची, त्यात परिपत्रकं जास्त. एकात लिहिलं होतं की दर्शनी भिंतीवर राज्याचा प्राणी, पक्षी, झाड आणि फूल रंगवावं. सोबत सायक्लोस्टाईल केलेली चित्रं होती. आंबा सगळ्यांना माहीत होता. ताम्हणाचं फूल गावात कोणी पाहिलेलं नव्हतं. चित्रात चुरगळल्यासारख्या सहा पाकळ्या होत्या, काळ्या शाईतल्या. रंग कुठंच लिहिला नव्हता.

मी तेव्हा कॉलेजात होते, सुट्टीला आले होते. शिडी धरायला मला नेलं होतं. शाळेचा शिपाई खाली उभा राहून बघत होता.

"गुरुजी, ह्ये फूल कुठं येतं वं?"

"कोकणात. पाण्याच्या काठाला."

"म्हंजी फूल आपल्याला दिलं, अन् पाणी तिकडंच ठिवून घेतलं."

अप्पा हसले. हेडमास्तरांना मात्र घाई होती. सोमवारी तपासणी होती. "रंग कोन बघायलंय, गुरुजी? द्या की कोनता बी."

अप्पांना कोणताही रंग देणं जमणारं नव्हतं. दोन दिवस त्यांनी पाकळ्या कोऱ्या ठेवल्या. आमच्या अंगणात त्या साली एकच झाड फुलत होतं, पिवळ्या बिट्टीचं. रोज सकाळी तळहातावरच्या इष्टलिंगाला ते तेच फूल वाहत. रविवारी त्यांनी ताम्हण पिवळं रंगवलं. मला म्हणाले, "खरा रंग कळला की बदलू." तपासणीला आलेल्या साहेबांनी फूल बघून मान डोलावली. त्यांनीही ते पाहिलेलं नसावं.

प्राणी, पक्षी आणि आंबा पुढे एका पेंटरनं नव्यानं काढले; फलक, नकाशेही बदलले. फुलाला अप्पा कोणाला हात लावू देत नसत. निवृत्तीनंतरही दरवर्षी झेंडावंदनाच्या आधी जाऊन पिवळा हात देऊन येत.

मी नांदेडला कॉलेजच्या ग्रंथालयात लागले. आवारात एक झाड होतं, त्याच्या खालून मी अकरा वर्षं ये-जा केली. एका मे महिन्यात वनस्पतिशास्त्राच्या बाई सहज म्हणाल्या, "ताम्हण काय फुललंय यंदा." मी वर बघितलं. संध्याकाळी अप्पांना फोन केला.

"अप्पा, ताम्हण जांभळं असतं."

 "नक्की?"

"आमच्या आवारातच आहे. हात लावून बघितलं."

"म्हणजे एवढी वर्षं पोरांना मी खोटं फूल दाखवलं की गं."

"परीक्षेत रंग विचारत नाहीत, अप्पा."

"परीक्षेचं कोण बोलतंय?" ते म्हणाले, "मला ने तिकडं. डोळ्यांनी बघतो, मग रंग कालवतो. भिंत मीच नीट करणार."

मी म्हटलं, ऊन फार आहे, पुढच्या बहराला नेते. पुढच्या बहराला ग्रंथालयात पुस्तकांची मोजणी होती. त्याच्या पुढचा बहर यायच्या आत ते गेले.

महिन्याभरानं शाळेतून फोन आला. आताचे हेडमास्तर अप्पांचेच विद्यार्थी. "ताई, शाळेला रंग द्यायलोत. गुरुजींचं फूल तसंच ठिवू का? आमी तेच बघत मोठं झालो."

मी दोन दिवस मागून घेतले. ठेवा म्हणणं सोपं होतं. पण अप्पांनी ते ठेवलं नसतं.

तोवर बहर आला होता. ताम्हणाचा एक तुरा ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून मी एसटीत बसले. लातूर येईपर्यंत पाकळ्या मलूल झाल्या होत्या, रंग तेवढा होता. तो पाहून जांभळा कालवला. तिसऱ्यांदा जमला. पहिल्या हातात खालचा पिवळा दिसत राहिला, म्हणून दुसरा हात दिला. चौथीतली एक मुलगी मागे उभी होती. म्हणाली, "बाई, पयलंच चांगलं हुतं."

मी हो म्हटलं आणि ब्रश धुतला.

भिंतीवरचं ताम्हण आता जांभळं आहे. अप्पांच्या हातचं त्या शाळेत आता काही नाही.