निथळू द्या की

शिरोली एमआयडीसीतल्या त्या प्लेटिंगच्या कारखान्यात लालासाबचाचांची ख्याती एकच, हळू माणूस. स्कूटरचे सुटे भाग टांगलेली रॅक क्रोमच्या टाकीतून उचलायची आणि शेजारच्या पाण्याच्या टाकीत धुवायची, एवढंच काम. बाकीचे तिघं आपापल्या टाक्यांवर ते झटक्यात उरकायचे. चाचा मात्र रॅक क्रोमच्या टाकीवरच धरून, ओठातल्या ओठात आकडे मोजत उभे. दिवसाला वीस रॅक कमी भरायच्या. नवा सुपरवायझर कृष्णात यानं मनाशी ठरवूनच टाकलं, म्हाताऱ्याला महिनाअखेर घरी बसवायचं.

"चाचा, हात चालवा की जरा," त्यानं एकदा टोकलं.

"निथळू द्या की सायेब. भजी तेल निथळल्याबिगर ताटात टाकतंय व्हय कोण?"

चाचांची बायको मेहमुदा मंगळवार पेठेत भज्यांची गाडी चालवायची. कृष्णातला वाटलं, ह्यांचं ध्यान तिकडंच.

पुढच्याच आठवड्यात सांडपाण्याची तपासणी लागली, म्हणून त्यानं धुण्याच्या चारही टाक्यांतलं पाणी बाटल्यांत भरलं. तीन बाटल्या पिवळ्याधमक, हळद कालवल्यासारख्या. चाचांची तेवढी फिकट. चुकून नळाचं भरलं असेल म्हणून त्यानं पुन्हा भरली. तशीच. प्रयोगशाळेचा कागद आला, तर चाचांच्या पाण्यात विषारी क्रोम इतरांच्या तिसऱ्या हिश्शाइतकंसुद्धा नव्हतं. बाकीचं थेंबाथेंबानं क्रोमच्याच टाकीत परत गेलं होतं.

दुपारी हातमोजे चढवून तो स्वतः चाचांच्या जागी उभा राहिला. एकेक रॅक दहा-बारा किलोची. तीसपर्यंत मोजायचं, मग खाली. नवव्या रॅकला त्याचे दंड थरथरायला लागले, बाराव्याला त्यानं हात टेकले. आणि हा साठीचा माणूस बावीस वर्षं, कुणी न सांगता, रोज शंभर रॅक अशा तोलत आला होता. त्याला मान वर करून चाचांकडं बघवेना.

घरी बसवायचा विषय तिथंच मिटला. चार दिवसांत त्यानं क्रोमच्या चारही टाक्यांवर लोखंडी दांडी बसवून घेतली. रॅक दांडीला अडकवायची, निथळली की उचलायची.

चाचांनी पहिली रॅक अडकवली. हात मोकळे झाले, तसे ते दंड चोळत दांडीकडं बघत राहिले.

"सायेब, एवढंच करायचं हुतं व्हय?" ते शांतपणे म्हणाले. "मग बावीस वर्सं कुणी का केलं न्हाय?"