तिच्या मडक्यातलं विरजण

साठ-पासष्ट सालची गोष्ट. जतच्या बाजारात मी ज्वारीची आंबील विकायची. समोरच्या लिंबाखाली तीही आंबीलच विकायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं, तर घरी जाऊन नाव घेऊन शिव्या दिल्या असत्या.

पेला हातात दिला की ती पिणाऱ्याच्या तोंडाकडं बघत राहायची. आंबट लागून त्याचा एक डोळा मिटला, की मगच पदराला हात पुसायची.

तेव्हा दारूबंदी होती. पोलीस माझं मडकं हुंगून पुढं जायचा. तिचंही हुंगायचा, पण तिथं पेला घेऊन बसायचा. माझ्या पोटात दुखायचं.

शेवटी विचारलंच, "अगं, घालतीस तरी काय?"

"काय न्हाई, आक्का. तुमी पीठ आंबवायचं मडकं राखेनं घासता न्हवं? मी घासत न्हाई. तळाच्या आंबटावरच नवं पीठ भिजवती."

पुढच्या बाजारी न मागता तिनं गाडगंभर विरजण आणून दिलं. जिचा हेवा करायचा, तिनं निदान कंजूष तरी असावं! चरफडत मी माझं पीठ त्यावर भिजवलं.

त्यानंतर ती बाजाराला आलीच नाही. मला बरं वाटलं. काही आठवड्यांनी पोलीस पहिल्यांदाच माझ्यापुढं बसला. एक डोळा मिटून त्यानं पेला रिकामा केला.

"लय दिसांनी तिच्या हातची प्यालो," तो म्हणाला.

घरी येऊन मी राखेची मूठ उचलली. पण मडकं काही घासवलं नाही.