लाल काठी, पिवळी काठी

हे आजपत्तोर कुणाला सांगितल्यालं न्हाई. बायकोला न्हाई, देवाला बी न्हाई. देवाला ठावं असंल, पण माझ्या तोंडनं न्हाई. तुम्ही पावणं, जरा बसा. ऐकून घ्या.

मी कसबा बावड्याच्या एका नर्सरीत माळी हाय. वीस वर्षं झाली. शाळेत दुसरीपत्तोर गेलतो, त्यात बी निम्मा येळ वर्गाभाईर अंगठं धरून. तरी गिऱ्हाइकानं झाडाचं नाव इचारलं की मी कधी अडलो न्हाई. ठावं असलं तर खरं सांगायचं, नसलं तर ठोकून द्यायचं — "जंगली चाफा!" निम्मं कोल्हापूर माझ्यामुळं जंगली चाफा लावून बसलंय. माणसं हसत यायची. "बापू कुठं हाय?" अशी हाक यायची. ती हाक लई गोड लागायची की मला.

मग पद्माक्का कामाला आली. शिरोळकडची, जैनाची बाई, नवरा गेल्याली. तिला बी वाचता येत न्हवतं. पण पान चुरगाळायची, हुंगायची, अंगठा फिरवायची, आन् नाव सांगायची. फूल नसू दे, फळ नसू दे. सांगितलं की बरोबर. वर मला बी शिकवायची, "दादा, हे बघा, हिकडं हात लावा." मी हात लावायचो आन् आतनं जळायचो. आता हाक यायची ती "अक्का कुठं हायत?" पोटात दुखतंय म्हंत्यात नव्हं? माझं खरंच दुखायचं. ओवा खाल्ला. जाईना.

एका साली अर्जुन आन् ऐनाची रोपं एकत्र झाली. बी मीच सांडल्यालं, दुसरं कोण? ल्हान असताना दोन्ही सारखीच दिसत्यात. अक्का तीन दिवस उकिडवी बसली. ऐनाच्या पानाच्या पाठीवर, देठाजवळ, मोहरीएवढ्या गाठी असत्यात. अर्जुनाच्या गाठी देठाच्या टोकाला. एकेक पान चाचपून तिनं दोन वाफं येगळं केलं. आमच्यात वाचणारं कोण न्हाई, म्हणून वाफ्याला रंगाच्या काठ्या. लाल म्हंजे अर्जुन, पिवळी म्हंजे ऐन.

चहाच्या येळंला मालक सगळ्यांदेखत म्हणालं, "बापू, इतकी वर्षं झाली, तुला पान कळंना व्हय रं?" सगळी हसली. मी सगळ्यात मोठ्यानं हसलो. माझं कामच ते.

दुसऱ्या दिशी अक्का माहेरी गेल्ती. आन् मी —

कसं सांगू? दोन काठ्या उपटल्या आन् हिकडची तिकडं रोवल्या. बास. एवढंच. चहा गार व्हायच्या आत झालं.

मला वाटलं, ती आली की बघंल, जरा गोंधळंल, मी हसून घेईन. खरंच तसं वाटलं का? आता मलाच खात्री न्हाई. कारण ती यायच्या आधीच एका गावाचा टेम्पो आला. त्यांस्नी अर्जुन तळ्याकाठी लावायचा हुता, ऐन वरच्या माळावर. दोन्ही वाफ्यांतली सगळी रोपं मीच भरली. "लाल काठीची तळ्याला, पिवळीची माळाला," असं मीच बजावलं. तोंड तवा बी उघडता आलं असतं. टेम्पो फाटकातनं वळंपत्तोर येळ हुता.

अर्जुनाला पाणी लागतंय, आन् माळावर गेला त्योच. उन्हाळ्यात माळावरची रोपं वाळून काटकी झाली. गावानं पोरासारखी जपल्याली, बायकांनी डोक्यावरनं घागरी न्हेल्याल्या. ती माणसं वाळल्याली रोपं घिऊनच आली. मालकांनी अक्काला बोलावलं. "अक्का, हे तुम्ही निवडल्यालं न्हवं?"

तिनं वाळल्यालं पान घेतलं. अंगठा फिरवला. परत फिरवला. तिला कळत हुतं की पान अर्जुनाचं हाय. पण काठी बदलली असंल, असं तिच्या मनात बी आलं न्हाई. असलं कोण करतंय? "चुकलं असंल माझं," म्हणाली.

आन् मी काय केलं? मी म्हणालो, "मालक, अक्काच्या अंगठ्याला चष्मा घ्या आता!"

सगळी हसली. ती माणसं सुदिक हसली. अक्का बी हसली, पावणं. तेच बघवलं न्हाई.

तवापास्नं ती नाव सांगत न्हाई. गिऱ्हाइकानं इचारलं की म्हंत्या, "बापूंस्नी इचारा." हाक परत मला याय लागली. मला पायजे हुतं तसंच झालं की सगळं.

परवा पाणी घालता घालता ती एका रोपापाशी थांबली. शिवण हुती. तिनंच मला वळखाय शिकवल्याली. पानाला हात लावला, काढून घेतला, आन् माझ्याकडं बघून म्हणाली, "दादा, हे काय हाय वो?"

मी सांगितलं, "शिवण."

"व्हय?" म्हणाली, आन् म्होरच्या वाफ्याकडं गेली.