कालव्यावरच्या बाईचं नाव

फोन आला तेव्हा मी वाचनालयाचं कुलूप काढत होते. पलीकडे वसरामभाऊंच्या कमलवहिनी होत्या. आवाज रडका नव्हता, दमलेला होता. "ताई, गेले ते. चहा मागितला, दोन घोट घेतले अन् उशीवर मान टाकली. तकलीफ न्हाई झाली काही." मग म्हणाल्या, "सुटले." मी तिथेच पायरीवर बसले. दीड वर्ष आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नांदेडची वाट, सुजलेले पाय, मोजून प्यायचं पाणी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतांना पाणी सोडणाऱ्या माणसाला पेल्यातलं पाणी मोजावं लागत होतं. म्हणून खरं सांगते, रडू नंतर आलं. आधी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. आज सहा आठवडे झाले, आणि तसं वाटल्याची मला लाज वाटत नाही.

वसरामभाऊ सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर निरीक्षक होते. कोणत्या चारीला किती दिवस पाणी द्यायचं, कुठलं दार गळतंय, कुणी पाट फोडून पाणी वळवलंय, हे त्यांचं रोजचं काम. पुस्तकांशी त्यांचा काही संबंध नव्हता. एका उन्हाळ्यात हिंगोलीत साहेबांची बैठक लांबली म्हणून ते आमच्या वाचनालयात पंख्याखाली येऊन बसले. टेबलावर एक जाडजूड पुस्तक पडलं होतं. बदली होऊन गेलेल्या एका डॉक्टरांनी ते आम्हाला दिलं होतं आणि मी अजून त्याची नोंदही केली नव्हती. ज्या छायाचित्रकारांचं ते पुस्तक, त्यांनी आता सत्तरी ओलांडली आहे. परदेशातही त्यांचं नाव आहे, पण त्यांना प्रसिद्धीचा तिटकारा, म्हणून इथे ते लिहीत नाही. ते आपली पुस्तकं मोजक्याच प्रतींत काढतात, दोनशे, कधी शंभरच. प्रत्येक प्रतीवर पेन्सिलीने क्रमांक आणि सही. संपली की पुन्हा छापत नाहीत. हे पुस्तक त्यांनी कॉलेजात असताना आपल्या भागातल्या दुष्काळी कामांवर काढलेल्या फोटोंचं होतं.

वसरामभाऊंनी वेळ घालवायला म्हणून पानं उलटली आणि एका पानावर थांबले. कालव्याचा भराव, त्यावर डोक्यावर मातीच्या पाट्या घेतलेल्या तांड्यावरच्या बायांची रांग, आणि रांगेतली एक बाई मागे वळून बघतेय. अर्धा चेहरा ओढणीत, ओढणीच्या आरशांवर ऊन. एवढाच फोटो. बैठकीचं बोलावणं आलं तरी हे उठेनात. जाताना विचारलं, "ताई, हे बुक घरी न्यायला भेटंल का?" मी म्हटलं, संदर्भाचं पुस्तक आहे, इथेच बघावं लागेल. मग ते दर गुरुवारी यायला लागले. आधी नळावर हात धुवायचे, रुमालाने कोरडे करायचे, मग पुस्तक उघडायचे. मी कुणाला एखाद्या पानापुढे एवढा वेळ बसलेलं पाहिलं नव्हतं. चौथ्या की पाचव्या गुरुवारी माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "ही माझी याडी असंल, ताई."

याडी म्हणजे आई. वसरामभाऊ चार वर्षांचे असताना ती गेली. तिचा एकही फोटो नाही. वडिलांनी लगेच दुसरं लग्न केलं, त्यावरून आईच्या माहेरचे तुटले, आणि मुलाला चुलत्याने वाढवलं. आईचं त्यांना आठवायचं ते एवढंच, ओढणीचे आरसे आणि मातीचा वास. तिने दुष्काळात कालव्यावर माती वाहिली होती असं चुलती कधीतरी म्हणाली होती. त्या एका वाक्यावर सगळी उभारणी. पण ते कधीही "आहे" म्हणाले नाहीत. "असंल" म्हणायचे.

पुढच्या सात-आठ वर्षांत या माणसाने काय केलं, ते मी जवळून पाहिलं. प्रकाशकांना माझ्याकडून पत्र लिहवून घेतलं आणि कुणा संग्राहकाकडून त्या पुस्तकाची एक प्रत मिळवली. मग त्याच छायाचित्रकारांची बाकीची पुस्तकं. मिठागरांचं, माळरानावरच्या मेंढरांचं, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग फॅक्टऱ्यांचं. सुरुवातीला त्यांना वाटायचं, कुठेतरी ती बाई पुन्हा दिसेल. मेंढरांच्या पुस्तकात ती कशी दिसणार, हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. मोठे प्रिंटही आले. कालव्याकाठच्या त्यांच्या क्वार्टरच्या आतल्या खोलीत लोखंडी कपाट, सुताराकडून करून घेतलेले सपाट खण, प्रत्येक प्रिंटच्या खाली-वर पातळ कागद. वहिनी म्हणायच्या, "घरात पाव्हणा आला तर ओसरीत झोपतो, अन् फोटोंला खोली!" पण खोलीत कुणी ओल्या पायाने गेलं तर ओरडायच्याही त्याच. बाहेरच्या खोलीत भाऊंनी पुलाच्या कठड्यावर उभ्या असलेल्या एका शेळीचा प्रिंट लावला होता. पाण्याच्या पाळीसाठी भांडायला आलेले शेतकरी त्याच्याकडे बघत बसायचे. एकाने विचारलंही, "साहेब, शेळी तुमची व्हती का?" भाऊ म्हणाले, "न्हाई. पण आता हाय."

कालव्यावरच्या बाईचा प्रिंट मात्र त्यांनी कधी भिंतीवर लावला नाही. तो त्यांना छायाचित्रकारांनीच पाठवला होता. भाऊंनी धीर करून त्यांना विचारलं होतं, ही बाई कोण, काही नोंद आहे का? त्यांचं उत्तर मी वाचून दाखवलं. तेव्हा मी कुणाचीच नावं विचारली नाहीत, आज त्याची खंत वाटते, असं त्यांनी लिहिलं होतं. सोबत स्वतःजवळ ठेवलेला एक प्रिंट. भाऊंनी तो सगळ्यात खालच्या खणात ठेवला.

आणि या सगळ्या काळात उत्तर देऊ शकणारं माणूस तीस-पस्तीस किलोमीटरवर होतं. आईची धाकटी बहीण, लाली मावशी. आखाडा बाळापूरच्या पलीकडे तांड्यावर राहायची. भाऊ बाळापूरच्या बाजाराला जायचे, तांड्याचा फाटा बघायचे आणि परत यायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "काहून जात नाही तुम्ही? मोठ्यांची भांडणं त्यांच्यासोबत गेली." ते बराच वेळ पुस्तकाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "भांडणाचं काही न्हाई, ताई. तिनं न्हाई म्हणलं तर? मंग माझ्यापाशी काय राहतंय?" मी पुन्हा विषय काढला नाही.

मूत्रपिंडं गेल्याचं कळलं त्यानंतरच्या आठवड्यात ते स्वतःच आले. उभ्याउभ्या म्हणाले, "ताई, आता जाऊ. तुमी पण चला." मी, ते आणि वहिनी, अशी तिघं जीपने निघालो. पुस्तक त्यांच्या मांडीवर, चादरीत गुंडाळलेलं. तिने नाही म्हटलं तर हा आजारी माणूस कसा सावरायचा, एवढंच माझ्या डोक्यात. 

मावशी अंगणात तुरीच्या शेंगा निवडत बसली होती. ऐंशीच्या आसपासची, पण चष्म्याआडची नजर स्वच्छ. भाऊंनी नाव सांगितलं. तिने शेंगांचं सूप खाली ठेवलं, त्यांच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि त्यांच्या भाषेत काहीतरी बोलत राहिली. मला शब्द कळले नाहीत, पण वहिनी पदराने डोळे पुसत होत्या. चहा झाला. मग भाऊंनी पुस्तक उघडून तिच्यासमोर धरलं. माझ्यासाठी म्हणून की काय, मावशी मराठीत बोलली आणि क्षणभरही थांबली नाही.

"ही? ही तर रूपली! वरल्या तांड्याची. ही ओढणी मीच भरून दिल्ती तिला, हे बघ, ही किनार माझ्या हातची हाय."

"मावशी, नीट बघ," भाऊ म्हणाले.

"नीटच बघून राहिले. तुझी याडी त्या कामावर आलीच कुठं? तू पोटात व्हतास. आठवा लागला व्हता. म्या जायची मातीवर, ती घरी रोट्या करायची." मग तिला काहीतरी जाणवलं असावं. आवाज खाली आला. "तुला वाटलं व्हय, ती हाय म्हणून?"

भाऊंनी मान डोलावली. पुस्तक मिटलं. मी जमिनीकडे बघत बसले... आणि मला हसू ऐकू आलं. मोठं नाही, नाकातून सुटलेलं. वर बघितलं तर भाऊ खरंच हसत होते. म्हणाले, "रूपली! एवढे दिस मी रूपलीला याडी म्हणून राहिलो." मग मावशीही हसली, आणि तिने त्यांना जायलाच दिलं नाही. दुपारभर ती त्यांच्या आईबद्दल सांगत होती. ती डावखुरी होती. गाणं म्हणायला बसली की पहिल्या ओळीतच तिला हसू फुटायचं आणि बाकीच्यांचंही गाणं मोडायचं. बैलाला भ्यायची. मधेच मावशी म्हणाली, "जरा चालून दाखव." भाऊ आज्ञाधारक मुलासारखे अंगणात चार पावलं चालले. "अस्संच. एक खांदा पुढं टाकून. तुझी याडी अशीच चालायची." पन्नाशीचा तो माणूस तिथेच उभा राहिला आणि आपल्या खांद्याकडे बघायला लागला. तो क्षण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

परतताना जीपमध्ये ते म्हणाले, "हलकं वाटून राहिलं, ताई. इतके वर्षं त्या बाईला मी बघतच नव्हतो. तिच्या तोंडात दुसरंच माणूस हुडकून राहिलो व्हतो. आता घरी जाऊन फोटो बघतो." आणि त्यांनी खरोखर तसं केलं. दुसऱ्या गुरुवारी येऊन मला उत्साहाने सांगितलं की रांगेत नऊ बाया आहेत, सातवीच्या पायात एकच चप्पल आहे, आणि आकाश जवळजवळ निम्मा कागद व्यापून आहे. हे सगळं त्यांना प्रथमच दिसलं होतं. 

रूपलीबाई तर केव्हाच वारल्या होत्या. पण मावशीकडून कळलं, त्यांच्या मुलीचं नरसीला देवळाच्या वाटेवर नारळ-प्रसादाचं दुकान होतं. डायलिसिस नसलेल्या एका दिवशी भाऊ खालच्या खणातला प्रिंट घेऊन तिकडे गेले. मीही होते. बाईंनी हात पुसून कागद बाजूला केला. आईचा म्हातारपणचा, रेशन कार्डावरचा तेवढा फोटो त्यांनी पाहिला होता. वाकून बघत त्या म्हणाल्या, "माय एवढी तरणी व्हती?" मग शेजारच्या फुलवालीला हाक मारली, तिला दाखवला, हारवाल्याला दाखवला. दर्शनाला आलेली माणसंही थांबून बघायला लागली. भाऊ प्रिंट तिथेच ठेवून उठले. वहिनींना हे घरी आल्यावर कळलं. त्या म्हणाल्या, "सगळ्यात जपलेला तोच देऊन आलात?" "त्यांच्या घरचं माणूस हाय ते," भाऊ म्हणाले, "आपल्याकडं उगंच अडकलं व्हतं." 

मला वाटलं होतं, आता संग्रह थांबेल. शोधायचं तर काही उरलं नव्हतं. पण झालं उलटंच. आजारपणातच त्यांनी नवं पुस्तक मागवलं. रिकाम्या विहिरींचं, ज्यात एकही माणूस नाही. दवाखान्यातून आले की फोटोंच्या खोलीत पडून राहायचे, कारण त्यांची खाटच आता तिथे टाकली होती. आणि लाली मावशी त्यांच्याकडे राहायला आली ती आलीच. ती उशाशी बसून बहिणीच्या गोष्टी सांगायची. तीच गोष्ट तिसऱ्यांदा आली तरी भाऊ "मंग?" म्हणायचे. शेवटचे महिने दुखण्याचे होते, पण दुःखाचे नव्हते. हे मी स्वतःच्या समाधानासाठी लिहीत नाही, मी ते पाहिलं आहे. 

पावसाळा सरला की ओल धरू नये म्हणून ते दर वर्षी सगळी पुस्तकं बाहेर काढायचे, एकेक पान उलटून हवा द्यायचे. हे मला वहिनींनी गेल्या रविवारी सांगितलं, तेव्हा कळलं. मी भेटायला गेले होते. खोलीची दारं-खिडक्या उघड्या होत्या, खाटेवर धुतलेलं धोतर अंथरलेलं आणि त्यावर पुस्तकं. वहिनी एक उलटत होत्या, मावशी एक. मी हात धुऊन आले आणि तिसरं घेतलं. काही न ठरवता आमचा वेग सारखा झाला. कागदाची सळसळ तेवढी, आणि बाहेर कालव्याला सोडलेलं पाणी. मावशीकडे विहिरींचं पुस्तक होतं. निम्मं झाल्यावर ती म्हणाली, "ह्यात तर माणूसच न्हाई गं." 

वहिनींनी मान वर न करता म्हटलं, "ते म्हणायचे, घाई करू नका. बघा अजून."

मावशीने चष्मा पुसला, एक पान मागे उलटलं, आणि पुन्हा बघायला लागली.