मैत्रीखातर चार पराभव

श्रीलंकेचा राष्ट्रीय खेळ व्हॉलीबॉल आहे, हे आमच्या मंडळात कुणालाच माहीत नव्हतं. माहीत असतं तर कदाचित आम्ही कॅरमची टीम घेऊन गेलो असतो. तिथेही हरलोच असतो, पण निदान बसून.

मी तेव्हा दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते. वसई रोडच्या फ्लॅटमधल्या आम्ही काही मुली आणि सांडोर-वटार गावांतल्या बागायतदारांच्या काही मुली, अशी आमची टीम चर्चमागच्या मैदानावर रोज संध्याकाळी खेळायची. तालुक्यात आमचं बऱ्यापैकी नाव होतं, कारण मुलींच्या टीम होत्याच तीन.

मंडळाच्या अध्यक्षांचे कुणी स्नेही कोलंबोच्या उत्तरेला, समुद्रकाठच्या एका गावात होते. तिथल्या चर्चचीही मुलींची टीम होती. पत्रापत्री झाली आणि 'मैत्री दौरा' ठरला. तिथली लढाई त्या सुमारास थांबली होती, त्यामुळे आमच्या घरच्यांचीही कुरकुर थांबली.

एकूण बारा जण जाणार होते. बारा म्हटल्यावर कुणाला वाटेल, बारा खेळाडू. तसं नव्हतं. अध्यक्ष, चिटणीस, खेळ शिकवणारे आमचे सर आणि 'महिला व्यवस्थापक' म्हणून अध्यक्षांच्या पत्नी, असे चार महत्त्वाचे लोक आधी ठरले. व्हॉलीबॉलला मैदानात सहा जणी लागतात, हा नियम मंडळाला बदलता येत नव्हता. म्हणून नाइलाजाने आठ मुलींनाही घ्यावं लागलं.

त्या आठांत सांडोरची एक मुलगी नव्हती. ती आमची सगळ्यात चांगली खेळाडू. घरी केळीची बाग होती, सकाळी बागेतलं काम उरकून ती शाळेत यायची. संध्याकाळी तिने उडी मारली की समोरच्या मुली चेंडू अडवायचं सोडून हात तोंडावर धरायच्या. तिला 'अनुभव कमी आहे' असं ठरलं. तिच्या जागी अध्यक्षांची मुलगी आली. तिचा अनुभव म्हणजे क्लासला जाताना ती आमच्या मैदानाच्या कुंपणाला सायकल लावून जायची.

मी सरांना विचारलं, "सर, असं कसं?"

"अगं, मैत्री दौरा आहे," सर नेटची दोरी उगाचच ताणत म्हणाले. "जिंकायला थोडेच चाललोय? आणि तिथे सगळे क्रिकेटवाले. व्हॉलीबॉल त्यांना काय येणार! उलट फार हरवू नका हं त्यांना. पाहुण्यांनी तसं करणं बरं दिसत नाही."

मी दोरीचं दुसरं टोक धरलं. यादीत माझं नाव होतं.

निरोप समारंभात भाषणं आमच्या सरावापेक्षा जास्त वेळ चालली. शाली अध्यक्षांपासून वाटायला सुरुवात झाली आणि आमच्यापर्यंत येताना संपल्या. आम्हाला एकेक गुलाब मिळाला. सांडोरची मुलगी आली होती. तिने माझ्या हातात घरच्या वाळवलेल्या केळ्यांचं, सुकेळीचं पुडकं दिलं.

"तिथल्या लोकांना दे," ती म्हणाली. "आणि सर्व्हिस टाकताना डावा पाय पुढे घे. तू विसरतेस."

ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तिकडे आम्हाला गावातल्या घराघरांत उतरवलं. माझ्या वाट्याला आल्या एक आंटी. पन्नाशीच्या, ठेंगण्या, शाळेत शिकवणाऱ्या. आमचं दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे गप्पा छान जमल्या. अंगणात नारळाच्या दोन झाडांना नेट बांधलेलं होतं.

"तुमची मुलगी खेळते?" मी विचारलं.

"नाही, मी खेळते," आंटी म्हणाल्या. "आमचा राष्ट्रीय खेळ आहे हा. म्हणून तर तुम्ही व्हॉलीबॉलची टीम आणलीत ना?"

"हो तर," मी म्हणाले. सरांनी ज्यांना फार हरवायला बंदी केली होती, त्या मुली मला डोळ्यांसमोर दिसायला लागल्या.

पहिला सामना आम्ही पंचवीस-सात, पंचवीस-चार असा हरलो. त्या चारातले दोन गुण त्यांच्या चुकीने मिळाले होते. सर म्हणाले, हवामान मानवलं नाही. हवामान वसईसारखंच होतं, तेच नारळ, तोच घाम. दुसऱ्या दिवशी त्यांनी दया येऊन आमच्यापुढे शाळेतल्या लहान मुली उभ्या केल्या. त्या लहानग्यांनी दया दाखवली नाही.

तिसऱ्या सामन्याआधी आमच्या एकीला ताप आला आणि एकीचा पाय मुरगळला. उरल्या सहा, त्यातली एक अध्यक्षांची मुलगी. तोवर आमच्यापैकी कुणी तिच्याशी धड बोललंही नव्हतं.

"मला येत नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे," आम्ही म्हणालो.

ती मैदानात उतरली. समोरच्यांना अंदाज यायला दोनच चेंडू लागले, मग प्रत्येक चेंडू तिच्याकडे. एक सरळ नाकावर बसला. रक्त आलं. तिची आई बाहेरून ओरडली, "बाहेर ये!" तिने बाहीला नाक पुसलं आणि पुन्हा जागेवर जाऊन उभी राहिली. चौथ्या सामन्यातही तेच. दोन दिवसांत एकही चेंडू तिने नीट उचलला नाही, पण एकदाही तोंड फिरवलं नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी आंटींच्या घरी सगळ्यांचं जेवण होतं. अध्यक्ष बोलायला उठले. शेकडो मुलींतून निवडलेल्या आमच्या सर्वोत्तम खेळाडू वगैरे त्यांनी इंग्रजीत सांगितलं. त्यांची मुलगी उभी राहिली. नाक अजून सुजलेलं.

"आमची सर्वोत्तम खेळाडू घरी आहे," तीही इंग्रजीतच म्हणाली. "मी तिच्या जागेवर आले. कारण हे माझे वडील आहेत."

अध्यक्ष हसले. "मुलं चेष्टा करतात." दुसरं कुणी हसलं नाही. मीही ताटात बघत राहिले. जे मला एका बागायतदाराच्या मुलीसाठी बोलता आलं नव्हतं, ते हिने स्वतःच्या बापासमोर बोलून टाकलं होतं.

आंटी ताट ठेवून उठल्या. "शिकायचंय तुला?"

"हो."

त्या तिला अंगणात घेऊन गेल्या आणि साडी नेसलेल्या असतानाच तासभर तिला चेंडू उचलायला शिकवत राहिल्या. गुडघे वाक, हात जोड, डोळे मिटू नकोस. आम्ही एकेक करून बाहेर आलो आणि चेंडू गोळा करून द्यायला लागलो. आत अध्यक्ष तिथल्या फादरना वसईच्या किल्ल्याचा इतिहास सांगत बसले. फादरनी तो सगळा ऐकला. खरी मैत्री त्यांनी निभावली.

परत आल्यावर नाक्यावर फलक होता: 'मैत्रीचा झेंडा सातासमुद्रापार'. वाटेत एकच समुद्र होता, तोही आम्ही विमानातून ओलांडला होता. गुणफलक मात्र लिहायचा राहिला. सत्कार झाला, या वेळी शाली पुरल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अध्यक्षांची मुलगी मैदानावर आली. सांडोरची मुलगी एकटीच भिंतीवर चेंडू मारत होती. ही तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"सॉरी. तुझी जागा मी घेतली."

तिने हिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग चेंडू हिच्याकडे टाकला. "सॉरी राहू दे. उचल बघू."

हिने उचलला. तिरका गेला, पण गेला.

"गुडघे अजून वाक," ती म्हणाली.

पुढे दोघी कॉलेजच्या टीममध्ये एकत्र खेळल्या. अध्यक्षांनी घरी बरेच दिवस अबोला धरला म्हणे. माझं खेळणं अकरावीत सुटलं, सायन्सच्या क्लासच्या वेळा जमेनात.