वरच्या फळीवरची मालिका

टेपताई हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण दूरचित्रवाणी केंद्रात ती त्याच नावाने म्हातारी झाली. टेपांची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर, पत्र्याच्या छपराखाली. लोखंडी फळ्या छतापर्यंत गेलेल्या आणि टेपताईची उंची बेताची. मधल्या फळीच्या वरचं काही काढायचं तर शिडी लागे आणि शिडीची एक पायरी कायमची मोडकी. त्यामुळे एखादा कार्यक्रम ऐनवेळी बारगळला आणि खालून "काहीतरी पाठव गं पटकन" असा फोन आला, की ती हाताला लागेल ती टेप खाली धाडायची.

हाताला लागायची ती न्हाव्याची मालिका. तिच्यात फारसं काही नव्हतं. एक बडबड्या न्हावी, आरशाशी भांडणारं एक गिऱ्हाईक आणि दर भागात कुणाची तरी चुकून उडालेली अर्धी मिशी. पहिल्यांदा दाखवली तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती. पण सामना रद्द झाला, लाव न्हावी. पाहुणे उशिरा आले, लाव न्हावी. असं होता होता लोकांना संवाद तोंडपाठ झाले. मुलं मोठी झाली आणि आपल्या मुलांना मांडीवर घेऊन ती अर्धी मिशी बघू लागली. टेप झिजली की केंद्र नवी प्रत काढायचं, ती झिजली की आणखी एक. हल्ली तर न्हावी प्रत्येकाच्या फोनवर असतो.

टेपताईच्या दादानेही एक मालिका केली होती. आयुष्यात एकच. इस्पितळातल्या एका नर्सची. तिच्यात कुणी मोठ्याने बोलत नसे. ती दाखवली तेव्हा एका प्रेक्षकाने केंद्राला फोन करून आमच्या टीव्हीचा आवाज गेलाय का, असं विचारलं होतं. दादा त्यावर हसला होता, पण नंतर बरेच दिवस जेवला नाही धड.

त्या काळी केंद्रात नव्या टेपांची कायम चणचण. जुनं पुसायचं आणि त्याच टेपवर नवं भरायचं, अशीच रीत होती. काय पुसायचं हे कुणी फारसं ठरवत नसे. ज्याला टेप हवी तो येऊन, सारखा लागणारा न्हावी तेवढा सोडून, समोरची उचलून न्यायचा. दादाला हे कळल्यावर तो जिने चढून धापा टाकत वर आला होता. म्हणाला, "अगदी वर ठेव. कुणाचा हात पोचता कामा नये." मोडकी पायरी सांभाळत तिने टेपा छताला टेकवून ठेवल्या होत्या. कुणाचा म्हणजे कुणाचाच हात पोचला नाही.

आता दादा अंथरुणाला खिळला होता. वहिनीने फोनवर सांगितलं, की दुसरं काही मागत नाहीत, फक्त ती मालिका एकदा बघायची म्हणतात.

टेपताईने दुसऱ्या विभागातून धड शिडी आणवली. टेपांची खोकी बाहेरून बरी दिसत होती. पण इंजिनिअरने पहिली टेप यंत्रात घातली आणि ती किरकिरत थांबली. इतक्या उन्हाळ्यांत पत्र्याखाली टेपांचे थर एकमेकांना चिकटले होते. तो म्हणाला, "ताई, फिरवली की भुकटी होऊन गळतेय. जे उतरेल ते उतरेल." दिवसभर दोघं यंत्रापाशी बसून होती. हाती लागलं ते एक छोटंसं दृश्य. तेवढंच फोनवर घेऊन ती दादाकडे गेली.

वहिनी सुरीने गोळ्या अर्ध्या करत होती. भिंतीवरच्या टीव्हीवर न्हावी चालू होता. टेपताईने दादाला उशीला टेकवून बसवलं आणि फोन त्याच्यासमोर धरला. नर्स रबरी हातमोजे धुते, तारेवर एकेक वाळत घालते. मोजे हलतात. संपलं.

"बाकीचं?"

"एवढंच राहिलं, दादा."

त्याने ते पुन्हा पाहिलं. मग म्हणाला, "हेच कापून टाकणार होतो मी. फार रेंगाळतंय म्हणून." टेपा होत्या कुठे, हे त्याने विचारल्यावर तिने सांगितलं, की वरच्या फळीवर.

"पत्र्याखाली? कुठल्या गाढवाने ठेवल्या तिथे?"

वहिनीची सुरी थांबली. टेपा वर ठेवायला सांगितल्या त्या दिवशी दादा घरी येऊन काय म्हणाला होता, ते तिला आठवत असावं. तिने टेपताईकडे पाहिलं. टेपताईने मान किंचित हलवली, नको म्हणून.

"तूच असशील, ठेंगे," दादा म्हणाला. "तुला लपवायची खोडच. लहानपणी खाऊ लपवायचीस आणि मुंग्या खायच्या."

"हो दादा. मीच."

"वेडी आहेस," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "हाताशी ठेवायच्या."

टीव्हीवर कुणाची तरी अर्धी मिशी उडाली. दादाच्या ओठांनी सवयीने पुढचा संवाद पुटपुटला. मग त्याचं त्यालाच कळलं आणि त्याने तोंड मिटलं. वहिनीने टीव्ही बंद केला. टेपताईने फोन पुन्हा त्याच्यासमोर धरला. नर्स पहिला मोजा झटकत होती.