पुसलेल्या चार ओळी

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही — नवऱ्याजवळही नाही. तुम्हाला सांगतेय, पण मान खाली घालून नाही.

माहेर धारचं, सासर देवासचं. इथल्याच एका लहान कंपनीत मी सॉफ्टवेअरचं काम करते. मसाल्याच्या पाकिटांवरची लेबलं छापणारं सॉफ्टवेअर. ते कारखान्यातल्या मशीनवर चढवणारी स्क्रिप्ट माझीच. तीत हिंदी फॉन्टची फाइल प्रत्येक मशीनवर वेगळी कॉपी होते. सर्व्हरवरच्या एकाच फाइलची लिंक देता आली असती — पण मग नेटवर्क गेलं की अक्षरांऐवजी नुसते चौकोन छापले जातात.

मी बाळंतपणाच्या रजेवर निघाले, तेव्हा माझ्या जागी सुनील भिया आले — इकडे भाऊला भिया म्हणतात. धारजवळच्या तिरल्याचे, वयानं मोठे, सरळ माणूस. काम समजून घेताना त्यांनी विचारलं, "ताई, ये फाइल हर मशीन पे कॉपी क्यों होती है? कोई वजह है?"

मी म्हटलं, "कुछ नहीं भिया, पुराना चला आ रहा है."

हे कारण स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं नव्हतं का? होतं. चार ओळी, माझ्याच हातच्या. आदल्या आठवड्यात साहेब म्हणाले होते, सगळं नीट लिहून ठेवा, म्हणजे तुमच्यावाचून अडणार नाही. अडणार नाही? सात वर्षांनंतर — हे ऐकायचं? त्याच दुपारी मी त्या ओळी पुसल्या.

भियांनी कॉपी करणं काढून टाकलं आणि लिंक घातली. महिन्याभरात कारखान्याचं नेटवर्क बसलं आणि चौकोन छापलेला सगळा माल परत आला. कुणाला विचारून केलंत, असं साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं. भिया म्हणाले, माझ्या मनानं केलं. माझं नाव घेतलं नाही — मलाही कारण ठाऊक नसेल, असंच वाटलं असणार त्यांना. त्यांची नोकरी गेली. मला घरी फोन आला. मांडीवर लेक घेऊन मी दहा मिनिटांत दुरुस्त केलं. साहेब म्हणाले, तुमच्याशिवाय नाही जमत. बरं वाटलं मला. खरंच बरं वाटलं.

रजेवर गेलेल्या बाईची खुर्ची जाते, म्हणून भ्यायले — असं म्हणू? भ्यायले होतेच. पण ती ढाल मी धरणार नाही. भियांना मी फसवलं, समजून उमजून फसवलं, आणि त्यांची खुर्ची गेली.

ओळी कुणी पुसल्या, याची नोंद सिस्टिममध्ये आहे, माझ्या नावानं. आजवर कुणी उघडून पाहिली नाही. मीही लपवलेली नाही.